माणसासाठी घोड्याचा साज, कोल्हापुरी हाताचा: पोनी प्लेचा सेट वापरून बघितला, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू चपलांचा नाही. चामड्याचाच आहे, कोल्हापुरातल्याच कारागिराच्या कामाचा आहे, पण वस्तू म्हणजे पोनी प्लेचा साज. म्हणजे एक सज्ञान माणूस स्वतःच्या मर्जीने घोडा होतो आणि दुसरा सज्ञान माणूस त्याला हाताळतो, लगाम धरतो, चाल शिकवतो, जमलं तर गाडीला जुंपतो, त्या खेळाला लागणारं सामान. ज्यांना हे वाचायचं नाही त्यांनी इथंच उतरा, काही राग नाही. बाकीच्यांसाठी निकाल आधीच देऊन टाकतो: कमरेचा-छातीचा हार्नेस आणि लगामाचे पट्टे नादखुळा, डोक्याची म्होरकी चांगली पण बदलून घ्यावी लागली, तोंडातली दांडी तिथून अजिबात घेऊ नका, आणि टापांच्या बुटांचा विषय सोडूनच द्या.

कारागिराचं नाव आणि गल्ली देत नाही. त्यांनीच सांगितलंय, "काम पाठवा, पण नाव नगं, घरात पोरीचं लग्न ठरायचंय." एवढंच सांगतो की जवाहरनगर-सुभाषनगर पट्ट्यात बसतात, वय साठीच्या पुढं, चपला करतातच पण खरा हात बसलाय तो शर्यतीच्या घोडागाडीचे पट्टे, बैलांच्या म्होरक्या आणि बेंदराच्या आधी लागणारे गोंडे-घुंगरांचे पट्टे यावर. म्हणजे जनावर कसं ओढतं, कुठं घासतं, कुठं वळ उठतो हे ह्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणतो.

त्यांच्याकडं जायच्या आधी एक सेट ऑनलाइन मागवला होता, दुकानाचं नाव घेत नाही, पण वरती लिहिलं होतं 'जेन्युइन लेदर' आणि आत निघालं चामड्याचा पातळ पापुद्रा, खाली काहीतरी फोमसारखं, वरून रंग मारलेला. बकल चकाचक. पहिल्यांदा जरा जोर लावून ओढलं तर बकलाची जीभच तुटून हातात आली, आत बघितलं तर राखाडी भुसभुशीत झिंक, वर मुलामा. नुसतं फोटोत मिरवायला ठीक आहे, पण ज्यावर कुणी विश्वासानं मागं बसलंय त्या पट्ट्याला असलं बकल चालत नाही. परत पाठवायचं म्हटलं तर 'पर्सनल वापराची वस्तू, रिटर्न नाही'. असू दे.

तर मामा. हा खेळ खेळणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये दोन मतं होती, काहीजण म्हणत होते की नाटकाचं सामान आहे म्हणून सांगा, कशाला उगाच बोभाटा. मला आणि बायकोला ते पटलं नाही. एक तर ज्या माणसाला टेप घेऊन तुमची कंबर-छाती मोजायचीय त्याला आपण कशाचं माप घेतोय ते कळायला पाहिजे, ह्या खेळात मर्जी मर्जी म्हणून एवढं बोलतो तर ती कारागिराचीपण असते की. आणि दुसरं म्हणजे नाटकाचा पट्टा सांगितला तर नाटकाचाच पट्टा मिळणार, दिसायला भारी आणि ओढला की गळून पडणारा. म्हणून सरळ सांगितलं की मामा, घोड्यासाठी नाही, माणसासाठी पाहिजे, मीच घालणार, ही माझी बायको, ही हाकणार, दोघांच्या आवडीचा खेळ आहे, घरच्या घरी आणि शेतात. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्या पोटाकडं बघितलं आणि विचारलं, "वढायचं हाय का नुसतं मिरवायचं?"

विषय हार्ड. कारण ह्या एका प्रश्नात पोनी प्लेची निम्मी माहिती आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ढोबळमानाने तीन प्रकार असतात. एक मिरवणारे म्हणजे शो पोनी, त्यात तुरा, घुंगरू, गुडघा उंच उचलून चालणं, दुडकी, वळणं, सगळा डौल. दुसरे गाडीचे, ते ओढतात. आणि तिसरे स्वारीचे, म्हणजे पाठीवर कुणीतरी बसणार, त्यावर खाली बोलतो. मिरवायच्या पट्ट्याला नक्षी लागते आणि ओढायच्या पट्ट्याला शिवण. मी म्हटलं ओढायचंय. तर म्हणतात कसे, "मग छातीवर नगं. जनावर छातीनं वढतंय, त्याचा दम पोटात ऱ्हातोय. माणसाचा दम छातीत. कमरंवर घिऊया." आता मी स्वतः मेकॅनिकलवाला, शिरोलीत कामाला, तरी हे माझ्या डोक्यात एवढं स्वच्छ नव्हतं. बर्फात स्लेज ओढणारी माणसंपण कमरेच्या, म्हणजे नितंबाच्या हाडावर बसणाऱ्या पट्ट्यानंच ओढतात, आणि मामांनी बर्फ बघितला असेल तो आईसगोळ्याचा.

चामडं कुठलं ते सांगतो, कारण ऑनलाइनवाले इथंच गंडवतात. म्हशीचं आहे. राज्यात २०१५ च्या कायद्यानं गायीबरोबर बैल-वळू कापणंपण बंद झालं, तेव्हापासून जाड चामडं म्हणजे म्हैसच. कमावलेलं झाडपाल्यावर, बाभळीची साल आणि हिरडा, ज्याच्यावर आपली चप्पल होते तेच. क्रोम टॅनिंगचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं मऊ असतं, पाण्याला जरा बरं टिकतं, पण ताणलं की लांबतं आणि काहींच्या अंगाला क्रोमियमची ॲलर्जी येते, घाम आला की पुरळ. झाडपाल्याचं सुरुवातीला कडक, अगदी राग येईल एवढं कडक, मग घामानं आणि तेलानं अंगाच्या वळणावर बसतं आणि एकदा बसलं की हलत नाही. नवीन कोल्हापुरी चप्पल पहिले काही दिवस जशी अंगठ्याला चावती, तसंच हे कमरेला चावतंय, तेवढं सोसायची तयारी ठेवा, किंवा आतून अस्तर लावून घ्या. मी कमरेच्या भागाला आतून मऊ शेळीचं अस्तर आणि मध्ये पातळ नमदा लावून घेतला, ते पैसे वसूल आहेत. बाकी पट्टे चार मिलिमीटरच्या आसपास जाडीचे, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, काखेत घासत नाहीत.

शिवण हातानं, दोन सुयांची. हे महत्त्वाचं आहे. मशीनच्या टाक्यात वरचा दोरा तुटला की खालचा उसवत जातो, दोन सुयांच्या टाक्यात एक दोरा गेला तरी दुसरा प्रत्येक भोकात धरून असतो. पोनीच्या पट्ट्यावर हळूहळू जोर येत नाही, झटका येतो, गाडी खड्ड्यात अडकली आणि घोडा पुढं गेला की एकदम. एवढ्या दिवसात एक टाका उसवलेला नाही. कड्या स्टेनलेसच्या, बकल पितळी, ओतीव. पितळ हिरवं पडतं, लिंबू-चिंच लावून घासायला लागतंय, पण तुटत नाही.

एक गोष्ट मात्र मामांच्या डोक्यात नव्हती आणि ती आम्हीच सांगितली, जुंपलेल्या अवस्थेत पटकन सोडवायची सोय. घोड्याला कुणी कात्रीनं कापून सोडवत नाही, पण माणसाला चक्कर आली, पायात गोळा आला, गाडी कलंडली तर एका सेकंदात सुटला पाहिजे. चार मिलिमीटर चामडं घरातल्या कात्रीनं कापत नाही, करून बघा. उपाय तबेल्यातलाच आहे, पॅनिक स्नॅप नावाची कडी मिळते, तिचा नळा ओढला की ताण असतानापण उघडते, साधा हूक ताणाखाली उघडत नाही. गाडीच्या दोन्ही दांड्यांना ती लावली. ही कडी तुम्हाला आणून द्यावी लागेल, मामांकडं नाही. ती असल्याशिवाय कुणाला गाडीला जुंपू नका, एवढं कडक सांगतो.

गाडी शिरोलीच्या एका फॅब्रिकेटरकडून, सायकलची दोन चाकं, पाईपचा सांगाडा, ती वेगळी वस्तू आहे पण हार्नेसचा कस तिथंच लागतो म्हणून सांगतो. लोकांना वाटतं माणूस माणसाला ओढणार म्हणजे केवढी ताकद. तसं नाही. गाडी आणि माणूस धरून समजा ११० किलो, सपाट डांबरी रस्त्यावर हवा भरलेल्या चाकांवर ओढायला किलो-दीड किलोचा जोर पुरतो. मुरमाच्या वाटेवर तीन-चार किलो. पण मऊ रानात चाक रुतलं की दहा-बारा किलोच्या पुढं, आणि वीस फुटाला एक फूट असा चढ लागला की त्यात आणखी साडेपाच किलो. म्हणजे खेळ सगळा जमिनीचा आहे, घोड्याचा नाही. मागचा माणूस चाकाच्या आसाच्या किंचित पुढं बसला पाहिजे, मागं बसला की दांड्या वर उचलल्या जातात आणि पट्टा बरगडीत घुसतो, फार पुढं बसला की सगळं वजन घोड्याच्या कमरेवर. उतारावर खरा घोडा पुठ्ठ्यानं गाडी रेटून धरतो, माणसाला ते जमत नाही, म्हणून ब्रेक गाडीला आणि तो बसणाऱ्याच्या हातात. आमच्या गाडीला सायकलचे डिस्क ब्रेक आहेत, बायको म्हणते तिला लगामापेक्षा ब्रेकच जास्त आवडतो.

आता म्होरकी. इथं मामांचं घोड्याचं ज्ञान आडवं आलं. घोड्याचं डोकं लांबडं, कान वर टोकाला, त्यामुळं पट्टा कानामागं अडकवला की बसला. माणसाचे कान बाजूला. पहिल्या म्होरकीत गालाचा पट्टा बरोबर कानावरनं जायचा आणि कपाळपट्टी जरा मान हलवली की भुवईवर, मग डोळ्यावर. माणसाचं टकुरं गोल, त्याला धरायला कोपराच नाही. शेवटी डोक्यावरनं एक आडवा, एक उभा असे दोन पट्टे, हनुवटीखाली एक, आणि कानाच्या पुढं-मागं दुभागलेला पट्टा असं केलं तेव्हा बसली. मामांनी वेगळे पैसे घेतले नाहीत, पण वेळ गेला, मध्ये गणपती आले, मग लग्नसराईच्या चपलांची ऑर्डर आली, आणि 'उद्या या' हा शब्द एवढ्यांदा ऐकला की तोच आमच्या ग्रुपचा परवलीचा शब्द झालाय. झापडं एक नंबर केलीत, उघडझाप करता येतात, बाहेरचं दिसत नाही पण पायाखालचं दिसतं. झापडं लावली की डोक्यातला गोंगाट कसा बंद होतो ते लिहून सांगता येणार नाही. दिवसभर प्लॅन्टवर चार जण चार दिशांनी बोलत असतात, इथं फक्त पुढं, थांब, वळ. बऱ्याच जणांना हा खेळ बेडरूमचा वाटतो, काहींसाठी असेलही, आमच्या ग्रुपमध्ये तरी बरेचजण ह्या शांततेसाठीच येतात.

तोंडातली दांडी. मामांनी हौसेनं पितळेची करून दिली, मधे जोड असलेली, खऱ्या लगामाला असते तशी. दिसायला सुंदर, भिंतीवर लावलीय. तोंडात घालायची नाही. धातू आणि दात यांचं जमत नाही, जरा अडखळला की दाताचा टवका उडतो. फूड ग्रेड सिलिकॉनची किंवा मऊ रबराची नळी घ्या, ती चावली तरी दबली पाहिजे, जबडा फार ताणला जाणार नाही एवढ्याच जाडीची. ती कड्यांना अडकवायची सोय तेवढी मामांकडून करून घ्या. आणि लाळ गळणार, लई गळणार, त्याला उपाय नाही, गळ्याला रुमाल बांधा. सर्दी असेल, नाक चोंदलं असेल तर त्या दिवशी दांडी नाहीच, कारण श्वास सगळा नाकानं. लगामाचे पट्टे दांडीला बांधू नका, म्होरकीच्या गालाच्या कडीला किंवा सरळ हार्नेसच्या खांद्याला बांधा. घोड्याची मान कुठं आणि आपली कुठं. लगाम खुणेसाठी आहे, हिसक्यासाठी नाही. हे हाताळणाऱ्याला आधी शिकवायचं, घोड्याला नंतर.

दांडी तोंडात म्हणजे बोलता येत नाही, म्हणून खुणा आधी ठरवलेल्या पाहिजेत. आमच्यात पाय तीनदा आपटला की थांब, म्हणजे लगेच थांब, 'एवढं वळण पूर्ण करू' नाही. हातात टापांचे मोजे नसतील तर एका हातात घुंगरू धरायला देतो, ते पडलं की सगळं बंद. घुंगरू हुपरीहून आणलेत, चांदीचं गाव म्हटल्यावर हौस फिटलीच पाहिजे, पण खुणेचं घुंगरू साधं बाजारातलं मोठं पितळी घ्या, आवाज लांब जातो. हातात टापांचे मोजे घातले की बोटं कामातनं गेली, स्वतःचं बकलपण सोडवता येत नाही, तेव्हा अशा घोड्याला एकटं सोडून चहा आणायला जाणारा हाताळणारा आमच्यात परत बोलावला जात नाही.

टापांचे बूट सोडून द्या असं वर लिहिलं त्याचं कारण. टाच नसलेले, चवड्यावर उभं करणारे, खाली नाल ठोकलेले असले बूट परदेशी फोटोत दिसतात, मामांना फोटो दाखवला तर त्यांनी जोडी करून दिली, काम सुबक. पण मुरमावर घोटा मुरगळतो, फरशीवर नाल सरकते आणि पोटऱ्या दहा मिनिटांत भरून येतात. फोटो काढायला ठीक. चालायला-पळायला साधे स्पोर्ट शूज, वर चामड्याचं झाकण बांधायचं, टापेचा आकार येतो. मी पांढरे मोजे घालतो, म्हणून बायकोनं नाव पंचकल्याणी (चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला घोडा) ठेवलंय, कपाळावरचा पांढरा टिळा तेवढा खडूनं.

स्वारीचं. मामा म्हणाले खोगीर पण करूया, रिकिबीसकट. नको म्हटलं, उगाच खोगीरभरती. ग्रुपमध्ये तालमीतला एक गडी आहे, त्याचं म्हणणं की मी जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका मारतो, मग रांगत पाठीवर घ्यायला काय हरकत. हरकत आहे. उभ्यानं खांद्यावर घेतलेलं वजन पाय पेलतात, रांगताना ते पाठीच्या मध्यावर येतं, तिथं खालून आधारच नाही, कणा वाकतो. फोटोपुरतं बसायचं तर नितंबाच्या हाडावर, वजन स्वतःच्या पायावर ठेवून, क्षणभर. घोड्याची पाठ त्या कामाची आहे, आपली नाही.

ग्रुपबद्दल लोक विचारतात म्हणून थोडं सांगतो, सगळं सांगणार नाही. कोल्हापुरात हे जग लहान आहे, पुण्या-मुंबईत भेटीगाठी नियमित होतात, इथं ओळखीतनं ओळख. पहिली भेट कायम चारचौघांत, राजारामपुरीतल्या एखाद्या कॅफेत नाहीतर तांबड्या-पांढऱ्यावर, साध्या कपड्यात, सामान आणायचं नाही, कुणी कुणाचं आडनाव विचारायचं नाही, ह्याला सगळीकडं मंच (इंग्रजीतला munch) म्हणतात. तिथं माणूस बोलायला नीट वाटला, नाही म्हटलेलं ऐकतो असं दिसलं, की मग पुढं. वय सांगायला लागतं आणि दाखवायलाही लागतं, त्यात शंका आली तर विषय तिथंच बंद.

प्रत्यक्ष खेळ पन्हाळ्याच्या बाजूला एका मित्राच्या रानात. आणि आमचा सीझन कारखाना ठरवतो. ऊस डोक्याच्या वर गेला की मधली वाट चारही बाजूंनी झाकली जाते, बाहेरनं काही दिसत नाही, पाऊस उघडल्यापासून तोड येईपर्यंत ती वाट आमची. तोडणीची चिठ्ठी आली की चार दिवसांत रान उघडं आणि आमचा तबेला बंद. कायद्याच्या बाजूनं बघितलं तर दोन सज्ञान माणसांनी मर्जीनं खाजगी जागेत काय करावं ह्यावर २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या प्रायव्हसीच्या निकालानंतर बोलायला जागा आहे, पण सार्वजनिक जागेत अश्लील वाटेल असं काही केलं तर भारतीय न्याय संहितेचं २९६ कलम आहे, पूर्वी आयपीसीत २९४ होतं तेच. म्हणून रंकाळ्यावर मिरवायची कल्पना कुणी काढली तर त्याला चहा पाजून घरी पाठवतो. आम्हीपण बघणाऱ्याची मर्जी विचारलेली नसते ना.

ह्या सगळ्याला परदेशी फॅड म्हणणारे भेटतात. खेळाचं आजचं रूप तिकडचंच आहे, नाकारत नाही. युरोपात तर ॲरिस्टॉटलच्या पाठीवर फिलिस नावाची बाई बसलीय आणि तोंडात लगाम दिलाय, अशी मध्ययुगातली दंतकथाच आहे, जर्मन चित्रकार हान्स बाल्डुंगनं १५१३ साली तिचं लाकडी ठशातलं चित्र केलंय, म्हणजे जुनं फॅड आहे. पण माणसानं अंगावर घोडा चढवून नाचायचं आपल्याकडं काय कमी आहे का, गोव्यात शिगम्याला घोडेमोडणी असते, कमरेला लाकडी घोडा बांधून नाचतात. त्याचा ह्याच्याशी संबंध जोडत नाही, ते देवाचं आहे, हे आमच्या आवडीचं आहे. ग्रुपमध्ये नवीन आलेला एखादा विचारतो, मी आजारी आहे का. त्याला एवढंच सांगतो की जागतिक आरोग्य संघटनेची जी आजारांची यादी २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाली, आयसीडी-११, तिच्यातनं फेटिशिझम (एखाद्या वस्तूची लैंगिक ओढ) आणि मर्जीचा बीडीएसएम (बांधणं, हुकूम, वेदना असले खेळ) आजार म्हणून काढून टाकलाय. त्रास होत असेल, झोप उडाली असेल तर समुपदेशकाकडं जा, लाजू नको, पण नुसती आवड आहे म्हणून औषध नाही.

परत साजावर. पावसाळा. कोल्हापूरचा पावसाळा आणि झाडपाल्याचं चामडं यांचं वैर आहे. कपाटात घालून ठेवलं की आठवड्यात पांढरी बुरशी. प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात नको. खेळून झालं की ओल्या फडक्यानं घाम पुसायचा, सावलीत वाळवायचं, उन्हात आणि गॅसजवळ नाही, तडे जातात. तेल मामा सांगतात एरंडेल, अगदी थोडं, बोटानं चोळून, जास्त झालं की चामडं लुळं पडतं आणि भोकं मोठी होतात. जून-जुलैत मी साज पंख्याखाली दोरीला टांगून ठेवतो, सासूबाई आल्या होत्या तेव्हा विचारलं हे काय, बायको म्हणाली, "कुत्र्याचा पट्टा." आमच्याकडं कुत्रं नाही. सासूबाई पुढं काही बोलल्या नाहीत.

उन्हाचंही सांगून ठेवतो. ऑक्टोबरमध्ये ह्या साजाच्या आत घाम निथळतो आणि बोलता येत नसल्यामुळं घोडा तहान सांगत नाही, म्हणून पाण्यासाठी थांबायचं काम हाताळणाऱ्याचं, घड्याळ लावून. नंतर खरारा, म्हणजे अंग पुसणं, पाय चेपणं, वळ बघणं, गूळ-शेंगा. पहिल्यांदा आलेली जोडपी हा भाग उरकून टाकतात. मला तर अख्ख्या खेळात हाच सगळ्यात आवडतो.

पैसे. कमर-छातीचा हार्नेस, अस्तरासकट, म्होरकी, झापडं, लगामाचे पट्टे मिळून मला १४,५०० रुपये पडले, पितळी दांडी आणि बूट त्यात धरलेले नाहीत. स्वस्त नाही. पण दोन सुयांच्या शिवणीला वेळ किती जातो ते बसून बघा, मग घासाघीस करा. २०२५ मध्ये मिलानला प्राडाच्या शोमध्ये आपल्या चपलेसारखी चप्पल दिसली तेव्हा सगळ्यांना कोल्हापूरचे कारागीर आठवले, भाव करताना मात्र तेच लोक दोनशे रुपयांसाठी तासभर बसतात. बारीक नक्षी, तुरा अडकवायची कडी, नाव कोरणं याचे वेगळे. पूर्ण मिरवायचा साज पाहिजे असेल, खोगिरासकट, तर कानपूरची सॅडलरी आहे, तिला जीआय टॅगपण आहे, पण ते घोड्याच्या मापाचं, माणसासाठी करून द्या म्हटलं तर परत समजावण्यापासून सुरुवात.

मी पाचपैकी चार देतो. एक कापला तो तारखांसाठी, चामड्यासाठी नाही. ऑर्डर द्यायची असेल तर गणपती ते दिवाळी आणि लग्नसराई सोडून जा, दोघांनी मिळून जा, कारण मामा लगाम धरणाऱ्याच्या हाताचं मापपण घेतात. कमरेचं माप पँटच्या पट्ट्याचं देऊ नका, नितंबाच्या हाडावर टेप लावून द्या आणि दोन्ही बाजूला एकेक इंचापर्यंत जास्तीची भोकं ठेवायला सांगा, दिवाळीच्या फराळानंतर लागतात. सिलिकॉनची नळी आणि पॅनिक स्नॅप बरोबर घेऊन जा. आणि मामा पितळी दांडी करून देतो म्हणाले तर नको म्हणा, नाहीतर भिंतीवर खिळा ठोकून ठेवा.